तक्रार दिल्यानंतरचे दिवस

गेल्या वर्षी वर्षावासाच्या काळात आपल्या विहारात रविवारचा अभ्यासवर्ग चालू असताना एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "सर, नोकरीत भेदभाव झाला तर अर्ज कसा लिहायचा हे तुम्ही सांगितले. अर्ज दिल्यानंतर काय करायचे?" आम्ही म्हणालो, "वाट पाहायची." वर्गात हशा पिकला. पण घरी परतताना आम्हाला त्या उत्तराची लाज वाटली. कारण अर्ज लिहिण्यास आम्हाला स्वतःला दोन रात्री लागल्या होत्या आणि त्यानंतरची वाट दोन वर्षे चार महिने चालली होती. दोन रात्रींचे शिक्षण आम्ही देत होतो आणि दोन वर्षांबद्दल काहीच बोलत नव्हतो. त्या विद्यार्थ्याचे उत्तर राहून गेले ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

प्रथम आमचीच हकीकत सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे हवेत राहणार नाही. आम्ही बँकेत कारकून आहोत. शाखेतील हेड कॅशियर रजेवर गेले की ज्येष्ठतेप्रमाणे पुढच्या माणसाने ते काम पाहावयाचे असते. त्या दिवसांचा थोडा भत्ता मिळतो. रक्कम मोठी नसते, पण तिजोरीच्या चाव्या हाती येतात. २०१३ साली ज्येष्ठतेने आमचा क्रम लागला आणि आमच्या पाठीमागून नोकरीस लागलेल्यांकडे चाव्या जाऊ लागल्या. पहिल्या वेळी नजरचूक समजलो. दुसऱ्या वेळी विचारले. तेव्हाचे शाखाधिकारी हसून म्हणाले, "अहो, चाव्या विश्वासाच्या माणसाकडे द्याव्या लागतात." त्यात जातीचा उल्लेख नव्हता. कोणी साक्षीदार असता तरी त्याने शब्दशः एवढेच सांगितले असते. परंतु दहा वर्षे ज्याच्या कॅशमध्ये एका रुपयाचा फरक आला नाही, त्याला हे वाक्य कोठून आले ते कळते.

१६ जून २०१४ रोजी आम्ही विभागीय कार्यालयाकडे अर्ज दिला. पोचपावती घेतली. त्या दिवशी घरी गोडधोड झाले, जणू निकालच लागला होता. ही पहिली चूक होय आणि ती बहुतेक बांधव करतात. अर्ज दिल्याने अंगात जे बळ येते ते आठ-दहा दिवस टिकते. त्यानंतर टपालाची पिशवी शाखेत आली की मान आपोआप तिकडे वळू लागते. तीन महिने काहीच आले नाही. स्मरणपत्र दिले. उत्तर आले, "विषय विचाराधीन आहे." सरकारी व बँकेच्या पत्रव्यवहारातील हे वाक्य आम्ही स्वतः कितीतरी खातेदारांना टंकलिखित करून पाठविले आहे. ते घेणाऱ्याला काय वाटते हे आम्हास त्या दिवशी समजले.

आता कामाच्या गोष्टीकडे वळू. वाट पाहणे म्हणजे स्वस्थ बसणे असा अर्थ आपण घेतला तर नुकसान आपलेच होते, कारण कायद्यात तारखा असतात आणि त्या आपल्यासाठी थांबत नाहीत. राज्य शासनाच्या सेवेतील बांधवांनी हे विशेष लक्षात घ्यावे. त्यांच्या सेवाविषयक तक्रारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातात. वरिष्ठांकडे कायदेशीर अर्ज केल्यावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही, तर उत्तराची आणखी वाट न पाहता न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि त्या सहा महिन्यांनंतर एक वर्षाच्या आत जावे लागते. आपले लोक काय करतात? दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवितात आणि समजतात की प्रकरण जिवंत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली राठोर यांच्या प्रकरणात सांगितले आहे की नियमात नसलेले अर्ज पुन्हा पुन्हा केल्याने मुदत वाढत नाही. स्मरणपत्रांची जाडजूड फाईल घेऊन चौथ्या वर्षी वकिलाकडे गेलेला एक सभासद आम्ही पाहिला आहे. वकिलाने सर्व कागद वाचले, नीट लावून परत दिले आणि फी घेतली नाही. फी न घेणे ही चांगली खूण नव्हती.

राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्मचारी या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो. त्यास दिवसांची ठरावीक मुदत नाही, पण "इतका उशीर का केला?" हा प्रश्न पहिल्याच तारखेस विचारला जातो. म्हणून अर्ज दिला त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर पुढील तारखा लिहून ठेवाव्या.

दुसरी गोष्ट माहितीच्या अधिकाराची. २००५ च्या या कायद्याने दहा रुपये शुल्कात तीस दिवसांत माहिती मिळावयास हवी. न मिळाल्यास किंवा अपुरी मिळाल्यास तीस दिवसांत पहिले अपील, आणि त्याचाही उपयोग न झाल्यास नव्वद दिवसांत दुसरे अपील करता येते. वाट पाहण्याच्या काळात हातात काही काम असणे याचे मोल फार आहे आणि हे काम उपयोगाचेही आहे. मात्र एक चूक टाळावी. "मला डावलले का?" असे अर्जात विचारू नये. 'का'ला हा कायदा उत्तर देत नाही. प्रती मागाव्या. आम्ही जानेवारी २०१५ मध्ये शाखेची ज्येष्ठता यादी आणि मागील दोन वर्षांत हेड कॅशियरचे काम कोणी कोणत्या तारखांना पाहिले त्या नोंदीची प्रत मागितली. सत्ताविसाव्या दिवशी दोन कागद आले. ते एकाशेजारी एक ठेवले तेव्हा आमच्या सात पानी अर्जात जे सिद्ध होत नव्हते ते दिसू लागले. अकरा वेळा जागा रिकामी झाली होती आणि अकराही वेळा आमच्याहून कनिष्ठ असलेल्यांनी काम पाहिले होते. अर्जात आम्ही विशेषणे फार वापरली होती. कलाशाखेच्या पदवीचा तो परिणाम असावा.

ते दोन कागद जोडून आम्ही राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाच्या पुणे येथील कार्यालयाकडे तक्रार पाठविली. आयोगाबद्दल आपल्या समाजात दोन टोकांचे समज आहेत. काही म्हणतात त्याने काही होत नाही, काहींना वाटते तो उद्याच साहेबाला निलंबित करील. संविधानाच्या ३३८ व्या अनुच्छेदाप्रमाणे हक्क डावलल्याच्या विशिष्ट तक्रारीची आयोग चौकशी करतो. चौकशीपुरते त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तो माणसांना बोलावू शकतो, कागदपत्रे मागवू शकतो, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेऊ शकतो. परंतु मनाई हुकूम देण्याचा अधिकार त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एका बँकेतील अनुसूचित जाती-जमाती कर्मचारी संघटनेच्याच प्रकरणात स्पष्ट केले. तेव्हा बढतीची यादी उद्या निघणार असेल व ती थांबवायची असेल तर आयोगाच्या पत्राची वाट पाहण्यात अर्थ नाही, न्यायालयच गाठावे लागेल. उलट न्यायालयात एकदा प्रकरण दाखल झाले की आयोग साधारणतः त्यात हात घालीत नाही. दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावण्याचा सल्ला देणारे सल्लागार पुष्कळ असतात. त्यांचे प्रकरण नसते म्हणून त्यांना ते सोपे जाते.

जातीवाचक शिवीगाळ किंवा लोकांदेखत जाणूनबुजून अपमान झाला असेल तर तो विषय वेगळा. तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येतो आणि तेथे प्रथम पोलीस ठाण्यात जावयाचे असते, बँकेच्या आवक खिडकीत नव्हे. डावलले जाणे आणि अपमानित होणे या दोन्ही गोष्टी एका अर्जात कोंबल्या की दोन्हींचे वजन कमी होते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिकडे येऊ. वही नीट ठेवता येते, तारखा पाळता येतात. पण रात्री अडीच वाजता जाग येते त्याचे काय?

अर्जानंतर पाचव्या-सहाव्या महिन्यात आम्ही कसे झालो होतो ते सांगण्यास संकोच वाटतो. डबा खाताना टेबलावर पूर्वी चौघे बसत. त्यांतील दोघे "आज लवकर खाल्ले" म्हणू लागले. कदाचित खरेच लवकर खाल्ले असेल. पण आम्ही प्रत्येक शब्द उलटून पाहू लागलो. शिपाई चहा आणताना आमच्याकडे शेवटी आला तर ते मनात लिहून ठेवू लागलो. घरी जेवताना तोच विषय, झोपताना तोच. मुलाने निकालपत्र दाखविले त्या दिवशी आम्ही ते पाहिल्याबरोबर म्हणालो, "हेच मार्क पुरावा म्हणून जोडता आले असते तर." तो काही बोलला नाही. सौभाग्यवती मात्र बोलल्या. म्हणाल्या, "घरात आपण चार माणसे होतो. आता ती फाईल पाचवी झाली आहे, आणि सर्वांत आधी तिलाच वाढावे लागते."

संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे. त्यात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. अज्ञानी माणसाला एक बाण लागतो आणि त्या वेदनेने तो शोक करू लागतो, तोच त्याला दुसरा बाण लागल्यासारखा होतो. हे सुत्त आम्ही विहारात अनेकदा ऐकले होते, इतरांना समजावूनही सांगितले होते. चाव्या दुसऱ्याच्या हाती गेल्या हा पहिला बाण होता, तो दुसऱ्याने मारला होता, आणि त्याची तक्रार करणे योग्यच होते. चहाच्या कपाची मोजदाद हा दुसरा. तो आमचाच हात मारीत होता, दिवसातून वीस वेळा.

येथे एक खुलासा केलाच पाहिजे. आपल्यातले काही सज्जन धम्माचा आधार घेऊन म्हणतात की खंती म्हणजे क्षमाशीलता, सहनशीलता, तेव्हा तक्रार कशाला करता? आम्हास हे मान्य नाही. पहिला बाण काढू नये असे त्या सुत्तात कोठेही सांगितलेले नाही. तक्रार मागे घेण्यासाठी ज्यांना खंतीची आठवण होते, त्यांना ती अन्याय करणाऱ्यासमोर झाली असती तर बरे झाले असते. असो.

त्या दिवसांत आमच्या हाती महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्याची हकीकत आली. सत्याग्रह सर्वांना पाठ आहे. २० मार्च १९२७ हा दिवस आपण दरवर्षी पाळतो. खटला मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने आधीच केलेला होता. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी घेतल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव फिरविला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले, तोच १२ डिसेंबर १९२७ रोजी काही सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. येथे बाबासाहेब फिर्यादी नव्हते, प्रतिवादी होते, हा आपल्या विषयाहून फरक आहे. पण वाट पाहणे दोघांच्याही नशिबी सारखेच येते. हजारो माणसे महाडला जमली होती. बाबासाहेबांनी कायद्याचा मान राखून तळ्यावर जाणे तहकूब करविले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत.

पुढे मनाई हुकूम उठला, पण दावा चालू राहिला. खालच्या न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो १९३१ साली. प्रतिपक्षाने अपील केले, ते १९३३ मध्ये फेटाळले गेले. त्यांनी उच्च न्यायालयात अपील केले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला १७ मार्च १९३७ रोजी. दाव्यापासून नऊ वर्षे तीन महिने.

आम्ही वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. डाव्या बाजूस खटल्याच्या तारखा, उजव्या बाजूस त्या काळात बाबासाहेबांनी काय केले ते. डावा रकाना सहा ओळींत संपला. उजवा पान उलटून गेला. 'समता' पत्र १९२८ साली निघाले. सायमन कमिशनपुढे साक्ष झाली. १९३० साली 'जनता' सुरू झाले, त्याच वर्षी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. लंडनच्या गोलमेज परिषदा झाल्या, १९३२ चा पुणे करार झाला. १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद आले. त्याच वर्षी मे महिन्यात माता रमाई गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये येवल्याची घोषणा झाली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ च्या फेब्रुवारीत निवडणूक होऊन बाबासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून गेले, त्यानंतर पुढच्या महिन्यात तळ्याचा निकाल लागला. या सर्व काळात खटल्याचे कागद तयार होत होते, वकील उभे राहत होते.

आम्ही बाबासाहेबांशी स्वतःची तुलना करीत नाही, तेवढे भान आहे. पण आमच्या वहीत उजवा रकाना कोरा होता, एवढे त्या रात्री दिसले. सात महिन्यांत आम्ही एकही पुस्तक पूर्ण वाचले नव्हते. विहाराची वर्गणी गोळा करण्याचे काम दुसऱ्यावर टाकले होते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. फाईल कपाटात ठेवली आणि आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी अकरा ते बारा, एवढाच वेळ तिला दिला. त्या तासात स्मरणपत्र, टिपण, वकिलास दूरध्वनी, जे असेल ते करावयाचे. इतर दिवशी मनात काही आले तर चिठ्ठीवर लिहून ती कपाटाच्या फटीतून आत टाकावयाची. मुलाला हा प्रकार फार गमतीचा वाटला. चिठ्ठ्या टाकण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले. रविवारी कपाट उघडल्यावर निम्म्या चिठ्ठ्या फाडून टाकाव्या लागत, कारण "चहा शेवटी दिला" यावर कोणत्या कलमाखाली काय करणार? उरलेल्या निम्म्यांत मात्र कामाचे दोन-तीन तपशील निघत. संध्याकाळचा वेळ मोकळा झाला तेव्हा आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत मुलांना व्याजाची गणिते शिकविण्यास आम्ही बसू लागलो. झोप लगेच सुधारली नाही. दीड-दोन महिने लागले.

ज्यांना हे एकट्याने झेपत नाही त्यांनी सांगावे, यात कमीपणा नाही. तक्रारीनंतर दूरच्या शाखेत बदली झालेले आमचे एक बांधव खोलीवर एकटेच राहत आणि हळूहळू दारूकडे वळले. त्यांचे कागद भक्कम होते. चौकशीच्या दिवशी ते हजर राहण्याच्या स्थितीत नव्हते. आम्ही कोणीही त्या वर्षात त्यांच्याकडे एकदाही मुक्कामास गेलो नव्हतो, हे येथे लिहून ठेवतो.

आयोगाची नोटीस बँकेला गेली, मुदती वाढल्या, एक सुनावणी झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये विभागीय कार्यालयाचे पत्र आले. त्यात दोन ओळी होत्या. यापुढे शाखेतील हेड कॅशियरचे तात्पुरते काम ज्येष्ठता यादीप्रमाणेच देण्यात यावे व संबंधित कर्मचाऱ्यास मागील फरकाची रक्कम अदा करावी. भेदभाव हा शब्द नव्हता. जात नव्हती. विश्वासाबद्दलच्या त्या वाक्याचा उल्लेख नव्हता. आम्ही ते पत्र उलटून पाठीमागेही पाहिले.

तेव्हा पुन्हा चवदार तळ्याचा निकाल आठवला. उच्च न्यायालयाने काय म्हटले होते? अस्पृश्यांना पाण्यास मज्जाव करण्याची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून अपील फेटाळले. अस्पृश्यता हा अन्याय आहे असे म्हणून तो निकाल दिलेला नव्हता. अस्पृश्यता नष्ट केल्याचे वाक्य लिहिले गेले ते पुढे संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदात. पण तळे १९३७ लाच खुले ठरले. आम्ही दोन ओळींचे पत्र वहीत चिकटविले आणि फरकाच्या रकमेतून अभ्यासिकेसाठी दोन पंखे घेतले.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. पुढच्या आठवड्यात शाखेपुढची रांग बाजारपेठेपर्यंत गेली होती. हेड कॅशियर तापाने आजारी पडले. त्या दिवसांत ते काम कोणासही नको होते. शाखाधिकारी नवे होते, त्यांनी ज्येष्ठता यादी काढली आणि चाव्या आमच्यापुढे ठेवल्या. नऊ दिवस आम्ही रात्री दहा-दहा वाजता घरी गेलो. कॅश रोज जुळली.

सध्या आपल्या संस्थेच्या तीन सभासदांचे अर्ज वेगवेगळ्या कार्यालयांत प्रलंबित आहेत. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदना झाल्यावर ते आपापल्या वह्या घेऊन विहाराच्या मागील खोलीत बसतात. तारखा तपासल्या जातात, पत्रे लिहिली जातात आणि बारा वाजता वह्या बंद करून सर्व जण एकत्र जेवतात. ज्या विद्यार्थ्यांना संगणकावर मराठी टंकलेखन येते त्यांनी या रविवारी यावे. पत्रे साचली आहेत. ज्या विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला होता तो मागच्या महिन्यापासून येतो आहे, पण त्याची बारावीची परीक्षा जवळ आली आहे.